उताराचा रकाना

गोष्टीतल्या गावाला नाव नसलं तरी चालतं. कोरेगाव तालुका, वसना नदीचा काठ, आणि जिकडं बघावं तिकडं आल्याचे गादीवाफे, एवढी खूण पुरे. इकडं आलं किलोवर विकत नाहीत, गाडीवर विकतात. गाडी म्हणजे ५०० किलो. पाहुणा दारात आला की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी लोक विचारतात, "तुमच्याकडं गाडी कितीला गेली?"

अशा गावात आमचे गुरुजी राहतात. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर चक्करची गोळी द्यायला लागले. म्हणजे देत आधीपासूनच होते, त्यांच्या आईचा तो वारसा. निवृत्तीनंतर फक्त वेळ मिळाला. गोळीत गुपित काही नाही. शेतातलं जून, रेषाळ आलं निवडायचं, बांबूच्या कामटीनं साल खरवडायची, चुन्याच्या निवळीत बुडवून पत्र्यावर वाळत घालायचं. पाच किलो ओल्या आल्याची जेमतेम किलोभर सुंठ होते. ती खलबत्त्यात कुटायची, धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची आणि जुन्या गुळात मळून बोराएवढ्या गोळ्या वळायच्या. सात गोळ्यांची एक पुडी. पैसे नाहीत. अट एकच: आठव्या दिवशी येऊन सांगायचं, उतार पडला का.

गणिताचा मास्तर औषध द्यायला लागला की काय होतं, तर वही होते. लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारीला वापरतात तसली लांब वही. त्यात चार रकाने, पट्टीनं आखलेले: तारीख, नाव, लक्षण, उतार. अक्षर असं की छापखान्यानं हेवा करावा. कुणी शंका काढली की गुरुजी वही पुढं करत. "शेकडा ब्याण्णव गुण. मी सांगत नाही, वही सांगते."

मी गणितात त्यांच्याकडं दोनदा नापास झालेला विद्यार्थी. त्यामुळं वही काय सांगते ते तपासायची माझी कधी छाती झाली नाही. ती झाली त्यांच्या नातीची.

नात डॉक्टर आहे, कान-नाक-घशाचं पुढचं शिक्षण चालू आहे. दिवाळीला आली होती. मीही पुण्याहून गावी आलो होतो आणि फराळाला त्यांच्याकडं होतो. ही आता आजोबांची टर उडवणार, या आशेनं मी चिवड्याची बशी घेऊन जवळच बसलो. तिनं तसलं काही केलं नाही. वही मांडीवर घेऊन ती एकेक पान वाचत राहिली, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचावं तशी.

"आप्पा, आमच्या ओपीडीत इतकं नीट कुणी लिहीत नाही," ती म्हणाली. गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला. "पण हा शेवटचा रकाना कितीतरी ठिकाणी कोरा आहे."

"ते आले नाहीत."

"मग ते शेकडा ब्याण्णवात धरलेत?"

"धरणारच. बरा झालेला माणूस कशाला येईल? दुखणं असतं तर आला असता की."

तिनं थोडा वेळ वहीची कड बोटानं सारखी केली. मग अगदी हळू विचारलं, "आप्पा, पेपर तपासताना कोऱ्या उत्तराला मार्क देत होता तुम्ही?"

माझ्या हातातला चिवडा हातात राहिला. तीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. गुरुजी रागावले नाहीत, पण उठून बाहेर गेले आणि विझलेल्या पणत्यांत उगाच तेल घालत बसले.

परत आले ते भांडायच्या तयारीनं. "मग तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? सुंठ म्हणजे थोतांड?"

"नाही, उलटंच," ती म्हणाली, आणि तिथून पुढं तासभर आम्ही फराळ विसरलो.

१९८२ साली लॅन्सेट नावाच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. प्रवासात हमखास मळमळणारी ३६ माणसं घेतली. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना तिरक्या, गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं. काहींना आधी सुंठीची पूड दिली होती, काहींना प्रवासात लागू नये म्हणून घेतात ती नेहमीची गोळी, काहींना नुसती दिखाऊ पूड. पोटातली कालवाकालव रोखण्यात सुंठ त्या नेहमीच्या गोळीच्याही पुढं गेली.

"ऐक!" गुरुजी मला म्हणाले, जणू शंका मी काढली होती.

मग डेन्मार्कच्या दोन डॉक्टरांनी १९८६ मध्ये सरळ चक्करलाच हात घातला. कानात गार किंवा कोमट पाणी सोडलं की माणसाला गरगरतं. कानाच्या आत पातळ द्रव भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात, तापमान बदललं की त्यातला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. हे कोडं रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरानं सोडवलं, त्याबद्दल त्याला १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी कळली तेव्हा तो रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता.

"विहिरीत सूर मारला की होतं ते," गुरुजी म्हणाले. "माघात गार पाणी कानात गेलं की पायऱ्या सापडायच्या नाहीत."

"तेच. तर त्या दोघांनी आठ धडधाकट माणसांच्या कानात पाणी घालून मुद्दाम चक्कर आणली. कधी आधी सुंठ देऊन, कधी नुसती फसवी पूड देऊन. कुठली पूड कधी दिली, ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही."

"देणाऱ्यालाही नाही?" गुरुजी खुर्चीत पुढं सरकले. त्यांना सुंठीपेक्षा हे जास्त आवडलेलं दिसलं. "म्हणजे चेहरा वाचून हेराफेरी नको. वा."

"सुंठ घेतल्यावर माणसं म्हणाली, गरगरणं कमी वाटतं. पण चक्कर येते तेव्हा डोळ्यांची बुबुळं एका बाजूला झटके देतात, ते यंत्रानं मोजलं. त्यात काही फरक नव्हता."

"म्हणजे कानातला दोष तसाच. सोसणं तेवढं सोपं झालं."

"असंच काहीसं. आणि तीही आठच माणसं, आप्पा."

त्यानंतर १९८८ मध्ये डेन्मार्कमध्येच नौदलाच्या ८० शिकाऊ पोरांवर प्रयोग झाला. खवळलेला समुद्र, ज्यांना त्याची सवय नाही अशी पोरं, एक ग्रॅम सुंठ किंवा एक ग्रॅम फसवी पूड. पुढं चार तास, दर तासाला, काय होतंय ते लिहून द्यायचं. उलट्या आणि थंडगार घाम सुंठवाल्यांत स्पष्ट कमी. मळमळ आणि चक्करही कमी दिसली, पण हा फरक नुसत्या योगायोगानं पडला नसेल असं छातीठोक म्हणता येईल एवढी नाही. पुढं १९९१ मध्ये अमेरिकेत असाच खुर्चीचा प्रयोग झाला, त्यात तर सुंठीचा काही उपयोगच दिसला नाही.

"म्हणजे पोटाला हो, डोक्याला बहुतेक नाही," गुरुजींनी उत्तराखाली दोन रेघा ओढाव्यात तसं म्हटलं.

ती हसली. "तुम्ही माझी परीक्षा घ्यायला यायला पाहिजे होतं."

इथं एक आडवळण घेतो. परंपरा म्हणून आपण जे म्हणतो ते एकाच तोंडानं बोलत नाही. गुरुजींची गोळी साताऱ्याच्या एका वैद्यांच्या कानावर गेली तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले होते, "भ्रमात पित्त आहे की वात, हे न बघता उष्ण सुंठ सरसकट देतात?" आयुर्वेदात चक्करला भ्रम म्हणतात, आणि सुंठीला विश्वभेषज, महौषध अशी भारदस्त नावं आहेत. पण सगळ्या गावाला एकच पुडी हे त्या शास्त्रातही बसत नाही. शास्त्र वेगळं आणि आईनं दिलेली गोळी वेगळी. दोन्हींना आपण परंपरा म्हणतो, आणि भांडताना सोयीचं ते पुढं करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी माझ्या दारात. बगलेत वही. "गाडी आहे ना तुझी? चल."

रात्रभर बसून त्यांनी हिशोब केला होता. चालू वहीत ११७ नावं. उताराच्या रकान्यात 'होय' ५८, 'नाही' ९, कोरे ५०. कोरे 'होय'मध्ये धरले तर शेकडा ब्याण्णव, 'नाही'मध्ये धरले तर शेकडा पन्नासही भरत नव्हते. "कोऱ्या जागा भरायच्या," ते म्हणाले आणि स्कूटरवर मागं बसले. दिवाळीची माझी उरलेली सुट्टी अशी गेली. सुट्टी संपली तरी दोन रविवार आणखी गेले.

पहिलं घर नदीकडच्या म्हातारीचं. गुरुजींना बघून ती लगबगीनं आत गेली आणि पुडी घेऊन आली. जशीच्या तशी, दोरा न सुटलेली, वर हळदकुंकू.

"खाल्ली नाही?"

"तुमच्या हातची वस्तू गुरुजी, देवापुढं ठिवली. चार दिसांत चक्कर गेली बगा."

मला हसू आवरेना. सुंठीवाचून खोकला गेला, ही म्हण जन्मभर वापरली, पण ती अशी हळदकुंकू लावून समोर येईल असं वाटलं नव्हतं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तिथंच उंबऱ्यावर बसून वहीत लिहिलं: 'उतार, होय. गोळी, नाही.' आणि मग बराच वेळ त्या चार शब्दांकडं बघत राहिले. त्या म्हणीत किती मोठा हिशोब दडला आहे, ते मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघून कळलं. औषधाशिवायही जे जाणार होतं ते औषधानं घालवलं म्हणायचं, तर औषधाशिवाय काय झालं असतं ते आधी ठाऊक पाहिजे.

दुसऱ्या घरी एक पन्नाशीचा शेतकरी, माझ्यासारखाच गुरुजींचा विद्यार्थी. त्यानं सातही गोळ्या खाल्ल्या होत्या, आणखी सात मागून नेल्या होत्या, त्याही खाल्ल्या होत्या. काडीचा फरक नाही. मग साताऱ्याला जाऊन आला. बसलेला उठला की बीपी एकदम खाली जात होतं. ब्लडप्रेशरची गोळी जास्त होत होती, ती कमी केली, संपलं.

"मग सांगायला का नाही आलास?"

तो मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. "तुमाला कसं सांगायचं गुरुजी? तुमी कान धरून पाढे शिकवले. तुमचं औषध लागू पडलं न्हाई असं तोंडावर…"

परतताना गुरुजी स्कूटरवर मागून म्हणाले, "अरे, दर आठव्या दिवशी मी विचारायचो, 'काय, उतार पडला ना?' असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल?" त्या 'ना'वर ते पुढचे दोन दिवस बोलत होते. ५८ 'होय' होते, त्यांतले किती त्या 'ना'ला दिलेले, हे आता शोधायची सोय नव्हती.

एक घर मात्र सुंठीचं खरंखुरं निघालं. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, आजोळ पाचगणीला. एसटी पसरणी घाटात शिरली की खिडकीतून डोकं बाहेर. आईनं 'चक्कर येते' म्हणून पुडी नेली होती. निघताना एक गोळी खाल्ली की पोरगं घाट चढून जातं, एकही उलटी नाही, असं आईचं म्हणणं. पोराला विचारलं तर तो म्हणाला, "गूळ भारी असतो." आईच्या सांगण्यावरून काही सिद्ध होत नाही, हे आता गुरुजींनाही कळत होतं. पण डेन्मार्कच्या पोरांशी हे जुळत होतं, आणि त्या दिवशी ते जरा खुशीत होते. पुडीभर गोळ्या पोराला जास्तीच्या दिल्या.

सगळ्यांत जास्त मंडळी एकाच तऱ्हेची निघाली. बहुतेक बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या. सगळ्यांचं सांगणं जवळपास त्याच शब्दांत: "कुशीवर वळले की घर फिरतं. वर फडताळात बघितलं की घेरी येते. अर्धा मिनिट, मग ठीक." दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा येतं. गुरुजींनी फोन लावला.

"आप्पा, हे कानातले खडे," नात म्हणाली. "आतल्या कानात खडूसारखे बारीक कण एका जागी चिकटलेले असतात. त्यातले सुटून त्या अर्धगोल नळीत गेले की…"

"खडूसारखे म्हणजे? फळ्यावरचा खडू जिप्समचा असतो. कॅल्शियम सल्फेट."

"बरं. कॅल्शियम कार्बोनेट."

"मग संगमरवर म्हण."

"संगमरवराचे कण, आप्पा. ते नळीत घरंगळले की कुशीवर वळताना द्रव ढवळतो. कित्येकदा ते आपणच जागच्या जागी जातात किंवा विरघळतात. म्हणून आपोआप बरं होतं."

"आणि सात दिवसांत सात गोळ्या खाल्ल्या की गोळीनं बरं होतं."

पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. "मला ते बोलवत नव्हतं," ती म्हणाली.

तिनं मग एप्लीची गोष्ट सांगितली. जॉन एप्ली, अमेरिकेत पोर्टलंडचा कानाचा डॉक्टर. त्यानं डोकं ठरावीक कोनांत, ठरावीक क्रमानं फिरवून ते कण नळीतून बाहेर काढायची युक्ती शोधली. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. १९८० च्या सुमारास त्यानं ती डॉक्टरांच्या सभेत दाखवली तेव्हा बरेच जण उठून गेले. डोकं हलवून चक्कर घालवतो म्हणणारा माणूस त्यांना जत्रेतला जादूगार वाटला. त्याचा लेख छापून यायला १९९२ उजाडलं. पुढं दुसऱ्या लोकांनी पडताळा घेतला. काहींचं डोकं खरं फिरवलं, काहींचं नुसतं फिरवल्यासारखं केलं. असे पाच प्रयोग एकत्र मांडले तेव्हा खोट्या फिरवण्यानं शेकडा २१ जणांची चक्कर पूर्ण गेली होती आणि खऱ्या फिरवण्यानं शेकडा ५६ जणांची.

गुरुजींनी ते आकडे वहीच्या मलपृष्ठावर लिहून घेतले. "बघ," मला म्हणाले, "तो छपन्न म्हणाला असता तर मी म्हटलं असतं, माझे ब्याण्णव आहेत. त्याच्याजवळ एकवीस आहेत, माझ्याजवळ ते नाहीत. सगळी गंमत त्या एकविसात आहे."

आजवर मी पास झालो नाही, पण त्या दिवशी वजाबाकी मला पहिल्यांदा कळली.

असं करत ५० पैकी ४१ जण सापडले. बाकीचे कुणी मुंबईला, कुणी लेकीकडं. बरे झालेल्यांत नऊ जण असे निघाले की ज्यांनी गोळ्या धड खाल्ल्याच नव्हत्या. कुणी देवापुढं ठेवल्या, कुणाच्या मुंग्यांनी नेल्या. खाल्लेल्यांना बरं व्हायला जितके दिवस लागले तितकेच साधारण यांनाही लागले होते. "नऊ माणसांवरून काही ठरत नाही," गुरुजी स्वतःच म्हणाले. "पण माझी झोप उडायला पुरे आहेत."

एक घर त्यांनी शेवटपर्यंत मागं ठेवलं होतं. मला वाटलं लांब आहे म्हणून. लांब नव्हतं, वरच्या आळीला, गुरुजींच्या घरापासून चालत दहा मिनिटं. ते घर कोऱ्या जागांत होतं, पण तिथं काय झालं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजींनाही. ते तेराव्याला जेवायलाही गेले होते. फक्त वहीशी त्याचा संबंध त्यांनी कधी जोडला नव्हता.

अंगणात आलं पसरलं होतं, माहीम जातीचं. माय-लेक कुजकं वेगळं काढत होते. आम्हाला बाजेवर बसवून माऊलीनं चहा टाकला. गुरुजींनी वही उघडली नाही, मांडीवर पालथी ठेवली.

"त्या दिवशी पुडी नेली होती त्यांनी," ते म्हणाले. "घेतली होती का?"

"दोन घेतल्या व्हत्या," ती म्हणाली. "सांजच्याला सातला. म्हणाले, गुरुजींची गोळी घेतली, आता पडतो. सकाळी बघू." तिनं चहा गाळला. "सकाळी सहाला उठवायला गेले तर एक बाजू गेलेली. मग दवाखाना झाला, आठ दिस. तुमी येऊन गेलाच की."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पोरगा आलं निवडत होता, त्यानं मान वर केली नाही. गुरुजींनी चहा संपवला, बशीतलाही. उठताना तिला हात जोडले. ती गोंधळली आणि घाईघाईनं पदर डोक्यावर घेऊन उलट त्यांच्याच पाया पडली.

वळणावर त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. वही उघडली, पान काढलं आणि माझ्यापुढं धरलं. तेच छापील अक्षर. तारीख. नाव. आणि लक्षणाच्या रकान्यात: 'चक्कर. जीभ जड.' पुढं उताराचा रकाना कोरा.

"मी लिहिलंय हे," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं आणि शुद्धलेखनासह लिहिलं."

मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे त्यांना नातीनं फोनवर सांगितलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या संदर्भात. सात ते सहा म्हणजे अकरा. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. मी गाडी चालू केली, कारण दुसरं काय करावं ते कळेना. सुंठीत विष नव्हतं. इंजेक्शन मिळालं असतं तर तो वाचला असता की नाही, हेही कुणी सांगू शकणार नाही. असलं काही तरी मी बोललो असणार, कारण ते म्हणाले, "समजूत घालू नकोस. तू गणितात कच्चा आहेस."

पंधरा दिवस गुरुजींनी गोळी दिली नाही. लोक आले, परत गेले. आता कायमचं बंद, असं गावानं धरलं. माझंही तेच मत होतं, आणि मला ते बरोबरही वाटत होतं. पुढच्या वेळी गावी आलो तेव्हा ओसरीवर नवी वही दिसली. सहा रकाने. लक्षणाच्या रकान्याची रुंदी तिप्पट केलेली, आणि त्याच्या आणि उताराच्या मध्ये दोन नवे: 'कुठं पाठवलं' आणि 'मी जाऊन विचारलं, तारीख'. खलबत्ता तसाच कोपऱ्यात होता.

मी बसलो असतानाच एक मावशी आल्या, हातात पिशवी, बाजाराच्या वाटेवर. "गुरुजी, घेरी येतीया. पुडी द्या."

"बसा. हसून दाखवा."

"आँ?"

"दात दाखवा. हां. दोन्ही हात पुढं धरा, डोळे मिटा. आता म्हणा, 'आमच्या आल्याची गाडी साताऱ्याला गेली.'"

"अवो, गोळी द्यायची तर द्या, परीक्षा कशाला?" मावशी चिडल्या, पण वाक्य त्यांनी म्हटलं, खणखणीत, आणि वर "आणि पडत्या भावानं गेली," असं स्वतःचं जोडलं. गुरुजींनी बारीक अक्षरात लिहिलं. जीभ, हात, चेहरा, चाल. ब्लडप्रेशरच्या गोळ्या कोणत्या. कधी येते, किती वेळ राहते. कुशीवर वळल्यावर, अर्धा मिनिट, हे ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली.

"मावशी, ही माझ्या गोळीची चक्कर नाही. कानातले खडे आहेत. साताऱ्याला कानाच्या डॉक्टरकडं जा, डोकं फिरवून देतात, गोळी नाही, सुई नाही. ही चिठ्ठी."

"आणि पुडी?"

"मळमळतं का?"

"लई."

त्यांनी डब्यातून दोन गोळ्या काढल्या. सात नाही, दोन. "ही मळमळीला. चक्करला नाही. चक्करला काय?"

"डाक्टर," मावशी म्हणाल्या, पाढा म्हटल्यासारख्या, आणि गोळ्या पदराला गाठ मारून बाजाराच्या वाटेला लागल्या. चिठ्ठी बाजेवरच राहिली. मी ती घेऊन पळत त्यांच्या मागं गेलो आणि दिली. परत आलो तर गुरुजी उताराच्या रकान्यावर पेन धरून बसले होते. काही लिहिलं नाही. टोपण लावलं.

"पुढच्या रविवारी येणार आहेस ना?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःशीच जरा थांबून, "येणार आहेस का? गाडी लागेल."